कुट्टी यंत्राची पाती बदलताना

रब्बी ज्वारीचे खळे आटोपले, की तापी, गिरणा व पांझरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील गावोगावी कडब्याच्या गंज्या उभ्या राहतात. पावसाळ्यात नवा चारा हाती येईपर्यंत गोठ्यातील जनावरांची सारी भिस्त ह्याच गंज्यांवर असते. अख्खा कडबा गव्हाणीत टाकल्यास जनावरे पाला व शेंडे खातात आणि जाड धांडे पायांखाली तुडवून टाकतात. कुट्टी केल्यास ही नासाडी पुष्कळ टळते. बेळगावच्या किर्लोस्कर बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी, लोखंडी नांगराच्याही आधी, कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, ते ह्याच गरजेपोटी.

परंतु यंत्र कितीही चांगले असले, तरी त्याचे खरे काम पातीच करतात. पाती बोथट झाली म्हणजे धांडे कापले न जाता चेचले जातात, सालीचे लांब धागे चाकाभोवती गुंडाळतात व मोटारीवर ताण पडतो. मग चारा पुढे सरकावा म्हणून माणूस हाताने तो आत रेटू लागतो. बोटे तुटण्याचे अपघात होतात, ते अशाच वेळी.

पाती केव्हा बदलावी?

साधी बोथट धार दगडावर लावून घेता येते. मात्र पात्याला तडा गेला असेल, ते वाकले असेल, किंवा घासून इतके अरुंद झाले असेल की पुढे सरकवूनही खालच्या स्थिर पट्टीपर्यंत पोहोचत नाही, तर ते बदललेच पाहिजे. धार लावताना तापून निळे पडलेल्या पात्याचे पाणी उतरलेले असते. त्याची धार टिकत नाही.

निवड कशी करावी?

बाजारात जाताना जुने पाते बरोबर न्यावे. केवळ नजरेच्या अंदाजाने खरेदी करू नये. लांबी, रुंदी व जाडी, भोकांची संख्या व त्यांतील अंतर, पात्याची वक्रता आणि धारेचा उतार कोणत्या बाजूस आहे, ह्या सर्व गोष्टी जुन्याशी ताडून पाहाव्या. भोके जुळत नाहीत म्हणून ती कानशीने वाढविणे धोक्याचे आहे.

पाते जास्त कार्बन असलेल्या पोलादाचे व नीट पाणी दिलेले असावे. ह्याची परीक्षा सोपी आहे. धारेजवळ कानस फिरवली असता ती घसरावयास हवी. कानस सहज रुतली, तर पाते मऊ समजावे. विजेवर चालणाऱ्या यंत्रास मोडीच्या पट्टीपासून केलेले पाते लावू नये.

पाती नेहमी जोडीनेच बदलावी. एक नवे व एक झिजलेले पाते बसविल्यास चाकाचा तोल जातो, यंत्र हादरते व बोल्ट सैल होतात. म्हणून दोन्ही पाती तराजूत घालून वजन सारखे असल्याची खात्री करावी.

बसविताना

प्रथम विजेचा प्रवाह तोडावा, पट्टा काढावा व चाक लाकडी ठोकळ्याने अडवावे. बोल्ट शक्यतो नवे वापरावे व सारखे आवळावे. पाते स्थिर पट्टीस घासू नये. तरीही दोहोंमधील फट कागदाइतकीच, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असावी. ठोकळा काढून चाक हाताने सावकाश फिरवावे व कागदाचा तुकडा पुढे धरून पाहावा. हात पात्यापासून दूर राहील इतका तो लांब असावा. कागद स्वच्छ कापला गेला, तर पाते नीट बसले.

पाती टिकावी म्हणून

रब्बीची ज्वारी बहुधा उपटून काढतात. त्यामुळे मुळांना काळ्या मातीची ढेकळे व बारीक खडे चिकटून येतात, आणि नव्या पात्याची धार त्यांनीच लवकर जाते. यास्तव बुडखे आधी तोडून टाकावे. धार लावताना फक्त उताराची बाजू घासावी, मूळचा कोन राखावा व पाते वारंवार पाण्यात बुडवावे.

यंत्र चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. उपरण्याचे अथवा पदराचे टोक मोकळे सोडू नये. वैरण सरकविण्याच्या पन्हळीवरील झाकण कधीही काढू नये.

आखाजीपूर्वी एक सकाळ काढून पाती तपासावी. चाऱ्याची बचत पुढल्या हंगामात भरून काढता येईल, गेलेले बोट मात्र परत येत नाही.