दहीहंडीचा मनोरा झाडासारखा आडवा का पडत नाही?

दहीहंडी म्हटलं की जोगेश्वरीचं नाव येतंच. २०१२ मध्ये इथल्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, उंची ४३.७९ फूट. थेट गिनीज बुकात नोंद. १६ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. हे पथकही जोगेश्वरीचंच.

सलामीचे रील्स सगळेच बघतात. थर कोसळतानाचा एखादा रील नीट बघा. तोडलेलं झाड आडवं पडतं, तसा मनोरा सहसा पडत नाही. मधूनच दुमडतो आणि जवळपास जागच्या जागी खाली येतो.

असं का? घरातलं कपाट आठवा. पायाशी ढकललं तर सरकतं, वरून ढकललं तर कलंडतं. जोर तेवढाच, पण जितका उंचावर लागेल तितका कलंडवणारा परिणाम, म्हणजे टॉर्क, जास्त. एक मीटरवर लागलेला धक्का दहा मीटरवर लागला तर टॉर्क दहापट. पाण्याचा फवारा खालच्या थराला गारवा देतो, वरच्याला संकट.

त्यात वरचे काही थर एक्क्यांचे, म्हणजे थरात एकच गोविंदा. समजा, त्याच्या खांद्यावरच्या मंडळींचा गुरुत्वमध्य दोन मीटर वर आहे आणि आधार मध्यापासून दोन्हीकडे १५ सेंटिमीटर. मग जेमतेम चार अंश कललं की तोल गेलाच.

तरी मनोरा उभा राहतो, कारण तो कपाटासारखा कडक नाही. गुडघे, कंबर, खांदे सतत तोल सावरत असतात. पण एक गुडघा वाकला की तिथूनच सगळं दुमडतं.

आणि दुमडतं तेच बरं. दहा मीटरवरून सरळ पडणारा माणूस ताशी ५० किलोमीटरने जमिनीवर येतो. दहा मीटरचा कडक खांब बुंध्यातून कलंडला, तर त्याचं टोक ताशी ६२ किलोमीटरने आदळतं! शिवाय गर्दीपासून लांब, थेट रस्त्यावर. दुमडलेला मनोरा निदान खालच्यांच्या हातांवर येतो. त्यांच्या माना-पाठीचं काय होतं, ते रीलमध्ये दिसत नाही.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली होती आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली होती. २०१७ मध्ये उंचीची अट गेली, वयाची १४ वर आली. वरचं गणित बघता उंचीची अट काही उगाच नव्हती.

आता सगळ्यात वरच्या गोविंदाला सेफ्टी बेल्ट लावतात. थर कोसळले तरी वरचा दोर त्याला धरून ठेवतो. खालच्या थरांना असा दोर नसतो.