तातडीचे वैद्यकीय शिक्षण : पाठांतराकडून सरावाकडे

अपघात किंवा हृदयविकाराचा झटका सांगून येत नाही. अशा प्रसंगी ग्रंथ चाळण्यास अवधी नसतो. हृदयक्रिया थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते. म्हणूनच काय करावे हे ठाऊक असणे आणि ते हातून बिनचूक घडणे, यांतील अंतर मिटविणे हे तातडीच्या वैद्यकीय शिक्षणाचे खरे प्रयोजन होय.

हे अंतर किती घातक असते, याची जाणीव एका दुर्घटनेने करून दिली. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अस्थिशल्यविशारद डॉ. जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान कोसळले. पत्नी मृत्युमुखी पडली. चारपैकी तीन मुले गंभीर जखमी झाली. त्यांना मिळालेले उपचार पाहून, उणीव व्यवस्थेतच आहे असे डॉक्टरांच्या ध्यानी आले. त्यांनी सहकाऱ्यांसह प्रात्यक्षिकांवर आधारलेला अभ्यासक्रम आखला. १९७८ मध्ये त्याचा पहिला वर्ग भरला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, नंतर रक्ताभिसरण, असा त्याचा मूळ क्रम होता. जे आधी प्राण घेईल त्यावर आधी उपाय, हे त्यामागील सूत्र.

असे कौशल्य शिकविण्याची एक चतुःसूत्री पेटन यांच्या नावाने ओळखली जाते. प्रथम शिक्षक ती कृती नेहमीच्या गतीने, काही न बोलता करून दाखवितो. दुसऱ्या वेळी प्रत्येक पायरीचे कारण सांगतो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिक्षक तसे करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः सांगत कृती करतो. तिसरी पायरी विशेष मोलाची. विद्यार्थ्यास कितपत उमगले, हे तेथेच उघड होते.

सराव रुग्णावर नव्हे, तर पुतळ्यावर होतो. नॉर्वेतील खेळण्यांचे निर्माते ऑसमुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये असा पुतळा तयार केला. प्रौढाची छाती मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावयाची, हे आकडे पाठ होतात. परंतु तो जोर आणि ती लय हातांनाच शिकावी लागते. लुटुपुटूच्या प्रसंगानंतर चर्चा होते. तीत दोषारोप नसतो. काय साधले, काय हुकले आणि का, याचा विचार होतो.

भारतात २००९ मध्ये या शाखेस स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तथापि रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात. सराव सुटला की कौशल्य काही महिन्यांतच ओसरते. म्हणून एकदा भरविलेले शिबिर पुरेसे नाही. शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी गावात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने, अशी प्रात्यक्षिके ठरावीक काळाने घडवून आणल्यास ही विद्या घरोघरी पोहोचेल आणि एखाद्या कुटुंबाचा आधार वाचेल.