सूड मागणारे स्तोत्र

ज्या ग्रंथाला आपण पवित्र मानतो, त्यातच क्रूर वचन आढळले तर श्रद्धावंताने काय करावे? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती वाचकाचा नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दाहाची चिकित्सा केली, तेव्हा तो आपल्या घरांतही आला. ख्रिस्ती माणसापुढे तो कसा उभा राहतो, ते एका स्तोत्राच्या आधारे पाहू.

बायबलमधील १३७वे स्तोत्र वाचायला घ्या. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले, लोकांना बंदिवान करून नेले. ते परक्या नदीकाठी बसून रडतात. जेते गाणे म्हणायला सांगतात. यांच्या कंठातून सूर निघत नाही. इथवर आपले डोळे पाणावतात. शेवटी मात्र बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे.

यावर तीन उपाय झाले. दुसऱ्या शतकात मार्किअनने सगळा जुना करारच टाकून दिला. चर्चने ते मानले नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेनने रूपक काढले: ही मुले म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले दुष्ट विचार, ते लहान असतानाच चिरडावेत. उपदेश चांगला, पण त्यात खरी मुले दिसेनाशी होतात. कॅथलिक चर्चच्या १९७१च्या नित्यप्रार्थनेच्या ग्रंथात या ओळी गाळल्या आहेत. अनुवादकाला मात्र गाळण्याची सोय नसते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तेव्हा या ओळीही आणाव्याच लागल्या.

मग वाचावे कसे? आधी विचारा, बोलतो कोण? ही देवाची आज्ञा नाही; सर्वस्व गमावलेल्यांचा आक्रोश आहे. त्यांनी सूड उगवला नाही, तो देवापुढे बोलून दाखवला. ग्रंथाने तो नोंदवला, म्हणजे मान्य केला असे नव्हे.

पण हे उत्तर यरीहोपाशी अपुरे पडते. यहोशवाच्या पुस्तकात त्या नगरातील आबालवृद्धांचा संहार होतो, तोही देवाच्या नावाने. १९५०च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी तेथे उत्खनन केले. यहोशवाचा म्हणून मानल्या जाणाऱ्या काळातील तटबंदीचे नगर त्यांना सापडले नाही. म्हणजे कथेत सांगितल्याप्रमाणे संहार बहुधा घडलाच नाही. तरी दिलासा अर्धाच. अमेरिकेत गेलेल्या काही युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथील मूळ रहिवाशांना कनानी ठरवले, ते याच कथांच्या बळावर. न घडलेल्या संहारानेही खरी माणसे मरतात.

येथे ख्रिस्ती वाचक येशूकडे वळतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ वाचतो. दीनांना शुभवार्ता आणि बंदिवानांना सुटका, एवढे तो वाचतो. मूळ वचनात पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे. त्याआधीच तो थांबतो. मात्र गुंडाळी तो फाडत नाही. ती गुंडाळून सेवकाच्या हाती परत देतो.

श्रद्धावंताला यातून दोन गोष्टी घेता येतात: कोणत्या ओळीवर जगायचे नाही ते ठरवणे, आणि तरीही ती ओळ पुढच्या पिढीपासून न लपवणे. आपल्या घरातील पोथीत असे वचन आले, तर ते घाईने उरकू नका. मुलांना ऐकू द्या, आणि मरणारा कोण होता, हेही सांगा.