नडगीतल्या लवचीक सळया

मागच्या लेखात मनगटाजवळच्या फ्रॅक्चरबद्दल बोललो. या आठवड्यात नडगी.

मुलाची नडगी मोडली की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'डॉक्टर, रॉड टाकावा लागेल का?' बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. नुकतं चालायला लागलेलं बाळ पाय मुरगळून पडतं आणि पाय टेकायला तयार होत नाही. एक्स-रेमध्ये नडगीच्या खालच्या भागात एक बारीक तिरकी रेघ दिसते, कधी पहिल्या एक्स-रेमध्ये तीही दिसत नाही. अशा बाळाला तीन-चार आठवड्यांचं प्लास्टर पुरतं. थोड्या मोठ्या मुलांतही हाड नीट बसवून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं, की साधारण सहा ते दहा आठवड्यांत ते जुळतं. किंचित बाक राहिला तरी वाढतं हाड तो भरून काढतं. आठ वर्षांखालच्या मुलात दहा अंशांपर्यंतचा बाक सहसा चालवून घेतात, त्याहून मोठ्या मुलात पाचच्या पुढे नाही. पीळ मात्र कोणत्याच वयात सुटत नाही. पाऊल फिरलेल्या दिशेने हाड जुळलं, तर पाय तसाच राहतो.

मग शस्त्रक्रिया कुणाला लागते? हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, त्याच पायाची मांडीही मोडली असेल, किंवा प्लास्टरमध्ये तुकडे जागेवर थांबत नसतील, तर. यातलं शेवटचं कारण पालकांना पटायला जड जातं. नडगीशेजारी फिब्युला नावाचं बारीक हाड असतं. 'ते मोडलेलं नाही, बरं झालं,' असं घरी सगळे म्हणतात. पण तेच शाबूत हाड बाहेरच्या बाजूने अडून राहतं आणि मोडलेली नडगी प्लास्टरच्या आत हळूहळू आतल्या अंगाला झुकते. पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढायला बोलावतात ते यासाठी. ती फेरी चुकवू नका.

आता रॉडकडे वळू. हाडाच्या पोकळीत जाड सळई घालण्याची पद्धत जर्मन शल्यविशारद गेरहार्ड कुन्ट्शर यांनी १९४० मध्ये वैद्यकविश्वापुढे मांडली आणि मोठ्या माणसांच्या फ्रॅक्चरचे उपचारच बदलले. नडगीत हा रॉड गुडघ्याच्या पुढून, हाडाच्या वरच्या टोकातून आत जातो. मुलांत नेमकी तिथेच वाढपट्टी असते, म्हणजे हाडाची उंची जिथे तयार होते तो कूर्चेचा पातळ थर. तिच्या पुढच्या भागाला इजा झाली तर मागचा भाग वाढत राहतो, पुढचा थांबतो आणि काही वर्षांत गुडघा मागच्या बाजूला वाकू लागतो. फ्रॅक्चर जुळलं, पण पाय बिघडला, असं होतं. प्लेट लावायची तर नडगीवरची कातडी पातळ, तिथे मोठी चीर भरून यायला त्रास देते.

यातून वाट काढली फ्रान्समधल्या नाँसी शहरातल्या डॉक्टरांनी. झाँ-पोल मेतेझो, प्रेव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास मुलांसाठी बारीक, लवचीक सळया वापरायला सुरुवात केली. आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरात त्यांना सरसकट 'टेन्स नेल' म्हणतात. माझ्या मते मुलांच्या अस्थिशल्यचिकित्सेत गेल्या अर्धशतकात इतका नेमका विचार दुसरा झालेला नाही.

पद्धत अशी. गुडघ्याखाली दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटरच्या चिरा घेतात. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर वाढपट्टी पाहून तिच्या दीड-दोन सेंटिमीटर खाली हाडाला भोक पाडतात. सळईची जाडी पोकळीच्या सर्वांत अरुंद भागाच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे पोकळी साडेसात मिलिमीटरची असेल तर सळई तीनची. घालण्याआधी तिला हातानेच बाक देतात, आणि बाकाचा मध्य बरोबर फ्रॅक्चरपाशी येईल असा हिशेब करतात. मग मूठ डावी-उजवी फिरवत सळई पुढे सरकवायची. फ्रॅक्चरच्या रेषेशी टोक अडतं, मदतनीस पाय ओढून तुकडे एका रेषेत आणतो आणि टोक पलीकडे शिरतं. दुसरी सळई दुसऱ्या बाजूने. खालच्या टोकाची वाढपट्टी येण्याआधी दोघी थांबतात. ताणलेल्या धनुष्यासारख्या त्या हाडाला आतून विरुद्ध दिशांनी रेटतात आणि तुकडे तोलून धरतात. फ्रॅक्चरची जागा उघडलेलीच नसल्याने तिथलं गोठलेलं रक्त आणि हाडाभोवतीचं आवरण शाबूत राहतं. नवं हाड त्यातूनच तयार होतं.

या सळया सगळ्यांना चालत नाहीत. पन्नास किलोच्या वरच्या मुलांत त्या वाकण्याचा धोका वाढतो, हाडाचा चुरा झाला असेल तर लांबी टिकत नाही. मातीने भरलेल्या मोठ्या जखमेत आधी शिरेतून अँटिबायोटिक, मग जखम धुणं आणि हाड बाहेरून धरून ठेवणारी चौकट, म्हणजे फिक्सेटर, हाच क्रम बरा. सळया सहसा सहा महिने ते वर्षभरात काढतात.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. नडगीभोवतीचे स्नायू घट्ट आवरणांत बंद असतात. आत सूज वाढली की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. हे प्लास्टरनंतर होतं, ऑपरेशननंतरही होतं. हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या तर धोका अनेक पटींनी वाढतो. लहान मूल 'दाब वाढलाय' असं सांगत नाही. ते बेचैन होतं, घाबरंघुबरं होतं, वेदनाशामकाचा पुढचा डोस वेळेआधीच मागतं. बोटं हलकेच ताणली तर किंचाळतं. बोटं गुलाबी आणि गरम दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. ती थंड आणि फिकी पडेपर्यंत उशीर झालेला असतो. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मुलाला रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना प्लास्टर उघडून पाहायला सांगा.