मुलाचा रविवार कोण ठरवणार?

घटस्फोटाचा अर्ज लिहायला बसलं की नवरा-बायकोला एकमेकांचं वाईटात वाईट रूप कागदावर आणावं लागतं. क्रूरता सिद्ध करायची तर प्रसंग हवेत, तारखा हव्यात, साक्षीदार हवेत. समोरूनही तसंच प्रतिज्ञापत्र येतं. अर्ज पुढे मागे घेता येतो, पण वाचलेलं मनातून जात नाही. म्हणून मध्यस्थी करायचीच, तर हे कागद दाखल होण्याआधी करावी. सर्वोच्च न्यायालयानेही 2013 साली के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या निकालात मध्यस्थी केंद्रांना दावापूर्व मदतकक्ष सुरू करायला सांगितलं होतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो, हे मात्र आजही अनेकांना वकिलाची पहिली फी भरल्यावर कळतं.

मध्यस्थी म्हटलं की अनेक बायकांच्या पोटात गोळा येतो. चार वडीलधारी माणसं बसणार, ‘जरा सांभाळून घे’ म्हणणार आणि पुन्हा नांदायला पाठवणार, ही भीती अनुभवातूनच आलेली आहे. 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचं कर्तव्य मानलं आहे, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. पण प्रशिक्षित मध्यस्थ निवाडा देत नाही आणि कुणाला परत पाठवतही नाही. तो दोघांशी एकत्र बोलतो, मग एकेकट्याशी बोलतो. एकट्यात सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर घालत नाही. वेगळं व्हायचं हे नक्की असेल, तर कसं वेगळं व्हायचं एवढंच तिथे ठरतं. जमलं नाही तर न्यायाधीशांकडे ‘तडजोड झाली नाही’ इतकंच जातं. हट्ट कुणी धरला, हे जात नाही.

जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, जिथे एकाच्या देखत दुसऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिथे समोरासमोर बसवणं हा अन्याय आहे. अशा वेळी आधी संरक्षणाचा आदेश मिळवावा. मध्यस्थाने पहिल्याच एकांतातल्या बैठकीत हे विचारलं पाहिजे, आणि उत्तर ऐकून थांबायची तयारी ठेवली पाहिजे.

खरी गरज आहे ती मुलांच्या बाबतीत. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावं, असं 1956चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा सांगतो. मुलाचं हित सर्वांत वर, हेही त्याच कायद्यात आहे. पण ते हित रोजच्या जगण्यात उतरवायचं कसं? दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेट, असा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. मुलाचा क्लास शनिवारीच असतो, गणपतीत सगळं घर कोकणात जातं, आजी आजारी आहे आणि नातवाची वाट बघते आहे, हे आईबापांनाच ठाऊक असतं. शाळेच्या ग्रुपवर दोघांचे नंबर असतील का? दिवाळीचे चार दिवस कसे वाटायचे? व्हिडिओ कॉल किती वाजता? पासपोर्ट कुणाजवळ? फी कोण भरणार, आणि ताप आला तर फोन आधी कुणाला? हे सगळं करारात तपशीलवार लिहून घ्यावं. ‘परस्पर सहमतीने भेट घडेल’ असं एक गुळमुळीत वाक्य लिहिलं, की पहिल्याच सुट्टीत भांडण पुन्हा कोर्टाच्या दारात येतं.

एका सौद्यापासून मात्र सावध राहायला हवं. ‘पोटगी सोडते, पण मूल माझ्याकडे ठेव.’ थकलेली बाई हे बोलून जाते आणि समोरच्याला ते सोयीचं वाटतं. पण मुलाचा निर्वाहखर्च हा मुलाचा हक्क आहे, तो आईने सोडून सुटत नाही. पैसा आणि मूल हे दोन विषय वेगवेगळ्या बैठकीत घेण्याचा आग्रह मध्यस्थाने धरावा.

गुप्ततेचीही एक मर्यादा आहे. मध्यस्थीत बोललेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही. मात्र समुपदेशक मुलाशी बोलून जो अहवाल देतो, तो ताब्याच्या वादात न्यायालय पाहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली पेरी कन्साग्रा प्रकरणात तसं स्पष्ट केलं. मुलाला पढवून आणणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावं.

सगळं जुळलं की सह्या होतात, अटी न्यायालयापुढे जातात आणि परस्परसंमतीचा अर्ज होतो. त्यातली सहा महिन्यांची वाट न्यायालय माफ करू शकतं, असं 2017च्या अमरदीप सिंग निकालाने ठरवलं. त्यासाठी मुलाचा ताबा आणि पोटगी यांचा प्रश्न मनापासून सुटलेला असावा लागतो.

मुलाबद्दलचा करार मात्र कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर न्यायालय तो बदलू शकतं. चौथीतल्या मुलासाठी आखलेलं वेळापत्रक दहावीतल्या मुलाला पुरत नाही, म्हणून पुन्हा कधी बसायचं आणि कुणासमोर, हे कलम पहिल्याच करारात घालून घ्यावं.