पुढचा तुकडा कोणता?

गोधडीला माण तालुक्यात वाकळ म्हणतात, आणि वाकळ शिवायची ती चैत्र-वैशाखात. रानात फारसं काम नसतं, ऊन असं की धुतलेलं लुगडं बघता बघता खडखडीत वाळतं, आणि पाऊस लागायच्या आत घरातलं अंथरूण-पांघरूण तयार हवं असतं. अशाच दिवसांत मी तिथल्या वाकळ शिवणाऱ्या आक्कांच्या सोप्यात बसून वाकळ शिवताना बघितली आणि पुढे सुई हातात घेऊन त्यांच्या शेजारी शिवलीही. मी कापडावरच काम करते, भरतकाम आणि छोटी कापडी चित्रं. हाताला नवं काही सुचत नव्हतं, म्हणून मी तिकडे गेले होते.

काम सुरू होतं गाठोडं सोडण्यापासून. आक्कांच्या गाठोड्यात सासूबाईंचं एक इरकली लुगडं होतं. अंगाचं कापड पार विरलेलं, पण टोपपदराची लाल-पांढरी वीण अजून घट्ट. त्याखेरीज दोन धोतरं, नातवाचा शाळेचा निळा शर्ट, हळदी रंगाचा परकर, एक फुलाफुलांची चादर आणि चोळ्या शिवून उरलेले खणाचे तुकडे. हा खण गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. अंगठ्याएवढा तुकडा असला तरी त्यावरची बुट्टी उठून दिसते, त्यामुळे तो कोणी फेकत नाही.

मग प्रत्येक कापड उन्हाकडे धरून बघायचं. सूत विरलेलं असेल तिथून उजेड जास्त येतो. आक्का कापड दोन्ही हातांनी ताणतात, उजेडाकडे धरतात आणि नखाने खूण करतात: एवढं वर, एवढं आत. 'वर' म्हणजे दिसणारा थर, 'आत' म्हणजे भर. कात्री फक्त काठाशी लागते. एक छोटा छेद द्यायचा आणि दोन्ही हातांनी कापड फाडायचं, सुती कापड सुताच्या रेषेत सरळ फाटतं. फाटण्याच्या आवाजावरूनही त्यांना कळतं. कोरडा, टरटरीत आवाज आला तर कापडात जीव आहे. नुसतंच फस्सकन सुटलं तर ते भरात जाणार.

वाकळीची रचना इथेच सुरू होते, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. लुगड्याचा काठ आणि पदर जाड विणीचे, म्हणून ते टिकतात. मधलं अंग आधी विरतं. म्हणजे कुठल्याही घरच्या गाठोड्यात लांब अरुंद पट्ट्या भरपूर आणि मोठे चौकोन थोडे. जुन्या वाकळींमध्ये काठांच्या पट्ट्या इतक्या का दिसतात, याचं निदान अर्धं कारण हे आहे. कोणी बसून आखणी केलेली नाही. नेसणारीच्या चालण्याबसण्याने आणि धुण्याच्या दगडाने जे शिल्लक ठेवलं, त्यातून ती आकृती आली.

तळ घालणं हे जड काम. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले तर दोन पन्ह्याला पन्हा जोडून तळाला होतात आणि दोन वरच्या थराला. आक्कांकडचं तळाचं लुगडं जुनं असलं तरी धडधाकट होतं. ते शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्यावर भर रचायचा. दोन जोड एकावर एक येता कामा नयेत, नाहीतर तिथे वरवंटा ठेवल्यासारखी गाठ होते आणि रात्रभर टोचते. धोतराची घडी, तिच्यावर आडवा परकर, मधल्या जागेत शर्टाची पाठ. प्रत्येक थरानंतर आक्का गुडघ्यांवर बसून तळव्याने सगळीकडे हात फिरवत. डोळे दुसरीकडेच असायचे. खळगा लागला की तिथे एक चिंधी. शेवटी लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घेतलं.

आणि मग सुई. वाकळीची सुई लांब असते, दोरा दुहेरी. धावदोरा कडेने सुरू होतो आणि चारही बाजूंनी फिरत आत आत येतो, चौकोनात चौकोन. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. आक्का एकेक टाका ओढत नाहीत. सुईच्या टोकावर चार-पाच टाके चढवतात, मग अंगठ्याने रेटून दोरा एकदम ओढतात. ओढला की कापडाला बारीक चुणी पडते. अशा शेकडो चुण्या जमून वाकळीचं अंग तयार होतं, आणि त्या चुण्यांमध्ये हवा अडकून राहते म्हणून तर ऊब येते. तिरपं ऊन पडलं की त्या ओळी नांगरलेल्या रानासारख्या दिसतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की वरचे तुकडे आधी जोडून ठेवलेले नसतात. शिवण जसजशी आत सरकते तसतसा पुढचा तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची आणि चालत्या धावदोऱ्यातच पकडायची. दुकानात मिळणाऱ्या पॅचवर्कच्या चादरीत बहुधा वरचा थर पूर्ण जोडून मग अस्तर लागतं. इथे थर जोडणं आणि चित्र घडणं हे एकाच टाक्यात होतं. म्हणून 'पुढे काय' हा प्रश्न दर वितीला येतो. मी आक्कांना विचारलं, "आक्का, मधी काय लावणार?" त्या म्हणाल्या, "हे संपू दे की. मग ते सांगंल."

एका दुपारी मी हे अगदी जवळून पाहिलं. डाव्या कडेला शाळेच्या शर्टाचा निळा लागला होता, त्याच्याशेजारी हळदी परकर. आक्कांनी खणाचा हिरवा तुकडा उचलून तिथे ठेवला. बघितलं. डोळे बारीक केले. उचलून तोच तुकडा उलटा ठेवला. उलट बाजूला खणाची चमक कमी असते. तरी पटेना. "हिरवं लई डोळ्यात भरतंय गं." सुनेने आतून चहा आणला. आक्का उठल्या, ओट्याच्या टोकाशी जाऊन बसल्या आणि तिथून, चहा पिता पिता, वाकळीकडे बघत राहिल्या. परत आल्या त्या फुलाफुलांच्या चादरीची एक पांढुरकी पट्टी घेऊन. ती हळदी आणि हिरव्याच्या मध्ये बसवली. हिरवा खण तसाच राहिला, आता त्याच्या आजूबाजूला श्वास घ्यायला जागा होती. मग त्या बोलायच्या थांबल्या आणि सुई चालू लागली.

चित्रकलेच्या शाळेत ज्याला रंगांचा तोल म्हणतात, तो इथे लांब जाऊन बघण्याने साधला. उलट बाजू वापरणं, मध्ये शांत रंग घालणं, डोळे मिटत आणून फक्त गडद-फिकट तपासणं ही सगळी चित्रकाराचीच हत्यारं आहेत. आक्कांना त्यांची नावं ठाऊक नाहीत आणि त्याने काही अडत नाही. माझं म्हणणं असं की सुचण्याची जागा डोक्यात शोधण्यापेक्षा ती दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत शोधावी. हळदी आणि हिरवा एकमेकांशेजारी आले नसते, तर पांढऱ्या पट्टीची गरजच निर्माण झाली नसती. प्रत्येक तुकडा पुढच्याची मागणी करतो. मांडलेलं काहीच नसेल तर मागणी करणार कोण?

हे फक्त माण तालुक्याचं नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच कडेकडून आत. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्यातल्या अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात उतरवलं होतं आणि तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलात आले. आजही त्यांची बोली कोकणीच्या जवळची आहे. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी टोकं लावतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. त्यांवाचून कवंदी नागडी, असं त्या बायका मानतात. पांघरुणाच्या उबेला या फुलांचा काडीचा उपयोग नाही. तरी ती हवीतच. गरजेतून जन्मलेल्या वस्तूतही सौंदर्याचा आग्रह किती पक्का असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तुकडे जोडण्याची आणखी जुनी गोष्ट विनयपिटकातल्या महावग्गात आहे. बुद्ध राजगृहाहून दक्खिणागिरीकडे निघाले असताना त्यांना मगधातली शेतं दिसली: बांधांनी आखलेली, पट्ट्यापट्ट्यांची, चौकोन चौकोन. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदाने ती तशी केली. चीवर तुकड्यांचं असण्याला व्यवहाराचीही बाजू होती, फाडलेल्या कापडाला किंमत राहत नाही, चोराला मोह होत नाही. तरी रचना आली ती शेताकडे पाहूनच. आपल्याकडे गाडगेबाबा चिंध्यांचे कपडे घालून गावं झाडत हिंडले, लोक त्यांना गोधडेबाबा म्हणू लागले. ठिगळाला लाज चिकटवणाऱ्या समाजात त्यांनी ते अंगावर मिरवलं.

आणि अमेरिकेत, अलाबामा नदीच्या वळणावरचं गीज बेंड. तिथल्या काळ्या बायका, पूर्वीच्या गुलामांच्या वंशज, शेतमजुरीच्या जुन्या कपड्यांतून पिढ्यानपिढ्या गोधड्या शिवत आल्या. ठरलेला नमुना सोडून स्वतःच्या मनाने केलेल्या गोधडीला त्या 'माय वे' म्हणतात, माझ्या पद्धतीची. 2002 साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये त्या भिंतीवर लागल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रं दिसली. मला त्यातली मिसूरी पेटवे यांची 1942 ची गोधडी सर्वांत जवळची वाटते. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांची ती शिवली, त्याची आठवण अंगावर घेऊन निजता यावं म्हणून. पँटच्या गुडघ्यांजवळचा विटलेला निळा, खिसा उसवल्यावर उघडा पडलेला गडद चौकोन, असे रंग विकत मिळत नाहीत. ते एका माणसाने वर्षानुवर्षं राबून तयार केलेले असतात. आक्कांच्या वाकळीत सासूबाईंचा टोपपदर शेवटी मधोमध आला. त्याबद्दल त्यांना काही ठरवावं लागलं नव्हतं.

आता अडचण आहे ती कापडाची. सुती लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या आणि गाठोड्यात पॉलिएस्टरच्या साड्या येऊ लागल्या. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, थरांमध्ये सरकतं, धावदोऱ्याला चुणी नीट धरत नाही. शिवाय ते लवकर विरत नाही आणि त्याचा रंगही लवकर उतरत नाही, भडकच राहतो. जुन्या वाकळीतले सगळे रंग एकाच उन्हाने आणि एकाच विहिरीच्या पाण्याने थोडे थोडे उतरलेले असायचे, म्हणून ते एकमेकांत मिसळत. आक्कांनी यावर आपला उपाय काढलाय. अशा साड्या त्या फक्त तळाला वापरतात, तेही वाकळ अंथरायची असेल तर. पांघरायच्या वाकळीत सुतीच. कमी पडलं तर वाकळ लहान होते, पण मिसळ करत नाहीत.

शहरात गोधडीला पुन्हा चांगले दिवस आलेत, आणि मला त्याचा आनंद आहे. शिवणाऱ्या बायकांच्या हाती पैसा येतो ही मोठी गोष्ट. मात्र नवं कोरं कापड आणून, सारखे चौकोन कापून, रंग आधीच जुळवून जे शिवलं जातं त्यात शिवणारीचा निम्मा हक्क काढून घेतलेला असतो. निवडीचा. तिच्या हातात उरते फक्त मजुरी. आणि एकाच कापडावर ठिगळांचं चित्र छापून त्याला गोधडी म्हणून विकणं मला सरळ सरळ फसवणूक वाटते. ज्यांना गोधडी शिवून घ्यायची आहे त्यांनी घरचं गाठोडं द्यावं आणि मांडणी शिवणारीवर सोपवावी, तिच्या त्या कामाचे पैसे वेगळे धरावेत.

परत आल्यावर माझ्या टेबलावरची पद्धत मी बदलली. आता कागदावर रेखाटन करून कापड शोधत नाही. आधी चिंध्यांचा डबा उपडा करते, उजेडाकडे धरून बघते, एक तुकडा कडेला लावते आणि त्याला काय हवंय ते पाहते. काम थांबलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. कधी सुचायला तास लागतो. पण वाट बघायची ती कशाची, हे आता माहीत असतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर मोठ्या वाकळीच्या मागे लागू नका. तान्ह्या बाळाचं दुपटं घ्या, हात-सव्वा हाताचं. बाळाच्या अंगाला लागायचं, म्हणून भरपूर धुतलेलं मऊ सुतीच हवं. आजोबांचं धोतर मिळालं तर उत्तम. भराला दोन थर पुरे. गाठी वरच्या बाजूला येऊ देऊ नका, थरांच्या मध्ये ओढून घ्या. आणि दोरा हातभरच घ्या, फार लांब घेतला की पिळा पडतो आणि मन लागलेलं असताना नेमका गुंततो.