ससे पाळायचे तर आधी गिऱ्हाइकाचा हिशेब मांडा



आडसाली लावण केली की पैसा हातात यायला दीड वर्ष लागते. म्हणून आपल्या घरी दुभती गाय, चार शेळ्या, दहा कोंबड्या असतातच. त्यांच्या जोडीला ससे पाळावेत का, असे पुष्कळ सभासद विचारतात. उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा लेख.

शिवारातला ससा वेगळा

ऊसतोडणीच्या वेळी फडात सशाची पिले सापडतात व पोरे ती घरी आणतात. तसे करू नये. हा रानससा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, पाळणे व मारणे हा गुन्हा आहे. त्याची पिले अंगावर केस व डोळे उघडे घेऊनच जन्मतात. आई त्यांना दिवसभर एकटी सोडून अंधार पडला की पाजायला येते. तेव्हा पिलू अनाथ समजू नका, जवळच्या बांधावर आडोशाला ठेवा.

पाळायचा ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिले उघडी व आंधळी जन्मतात. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट या त्याच्या आपल्या देशात पाळल्या जाणाऱ्या मोठ्या जाती.

एका वेतातून तीन वाटा

परदेशात, विशेषतः इंग्लंड-अमेरिकेत, घरची मंडळी मिळून ससे पाळतात व एकाच वेताची तीन भागांत निवड करतात. जातीच्या लक्षणाला उतरणारे, अंगाने भरीव पिलू प्रदर्शनासाठी व पैदाशीसाठी ठेवायचे. शांत व सुंदर रंगाचे पिलू हौसेने पाळणाऱ्यास द्यायचे. उरलेले मांसासाठी. अमेरिकेत ससेपालकांची संघटना १९१० सालापासून आहे. प्रत्येक जातीचे वजन, कान, रंग कसे असावेत हे तिने ठरवून दिले आहे. आपण बैलाचा खांदा, शिंग, खूर पाहून पारख करतो, तसेच हे.

आपल्याकडे यातील पहिली वाट जवळजवळ नाही. दुसरी पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आहे. तिसरीला आठवडी बाजारात बोकड-कोंबडीसारखे रोजचे गिऱ्हाईक नाही. शिवाय मांसविक्रीसाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते.

आकडे बोलतात

सात माद्या व तीन नर असे दहा सशांचे युनिट विकले जाते. मादी साधारण एकतीस दिवसांत विते व सहा ते आठ पिले देते. वर्षाला पाच वेते व वेताला सहा पिले धरली तरी सात माद्यांची २१० पिले झाली. काही मरतील. दीडशे जगली तरी आठवड्याला तीन ससे विकावे लागतील. ते कोण घेणार, त्यांची नावे कागदावर लिहा. नावे सुचली नाहीत तर युनिट घेऊ नका.

"अनामत भरा, पिले आम्हीच परत घेऊ" असे सांगणारे भेटतात. २०१९ साली सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबडीच्या नावाने हेच घडले. कंपनीने खरेदी थांबवली आणि शेतकऱ्यांच्या दारात पक्षी व डोक्यावर कर्ज राहिले. जिथे नवे युनिट विकूनच जुन्याची पिले उचलली जातात, तिथे शेवटचा शेतकरी बुडतो. जनावर कोणतेही असो, हिशेब हाच.

हौसेने पाळायचे असल्यास

दोन माद्या व एक नर पुरे.

१. ऊन : सशाला थंडी सोसते, ऊन सोसत नाही. पारा ३५ अंशांच्या वर गेला की तो धापा टाकतो व नराची पैदास-शक्ती घटते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये चाळिशी गाठते. पिंजरा झाडाच्या दाट सावलीत ठेवा, वर ओले बारदान टाका, थंड पाणी सतत द्या. त्या दोन महिन्यांत पैदास बंद.

२. पिंजरा : जाळीचा, जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच. कुत्रा, मांजर, मुंगूस व मुंग्या यांपासून जपा. ओल राहिली की हगवण लागते.

३. खाणे : लसूणघास सुकवून, पालापाचोळा व थोडा खुराक. उसाच्या वाढ्यात प्रथिने फार कमी. त्यावर ससा पोसत नाही. गाजरगवत व एरंडाचा पाला घालू नये. तणनाशक फवारलेल्या बांधावरचे गवत चुकूनही घालू नका.

४. पैदास : मादीला गाईसारखा ठराविक माज नसतो. तिला नराच्या पिंजऱ्यात न्यावे, नराला तिच्याकडे नेऊ नये, ती चावते. पंचविसाव्या दिवशी गवत घातलेली पेटी ठेवा. आपल्या अंगाचे केस उपटून ती घरटे करते. पिलांना ती दिवसातून एक-दोनदाच पाजते, तेव्हा वारंवार उघडून पाहू नये.

५. धरणे : कान धरून उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली द्यावा.

घरातल्या मुलांना आधीच सांगा, कोणते ससे ठेवायचे आणि कोणते जायचे. लळा लागल्यावर सांगितले तर मूल दुखावते.

जोडधंद्याचा खरा पाया गिऱ्हाईक असतो, जनावर नंतर येते. ससा हौसेला बरा, कर्जाला नव्हे. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा आपल्या गट ऑफिसला एकदा येऊन विचारा.

— ऊस विकास अधिकारी